टाम्पा: किनाऱ्यावर न उतरलेली माणसं

२६ एप्रिल १९७६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन बंदरापाशी एक जुनाट लाकडी मच्छीमार बोट येऊन थांबली. तिच्यावर पाच व्हिएतनामी तरुण होते. त्यांचा म्होरक्या लाम बिन्ह जेमतेम पंचविशीचा. सायगाव पडून वर्ष होत आलं होतं. बेटांमागून बेटं मागे टाकत हे पाचजण इतक्या लांब आले होते आणि दिशा समजायला त्यांच्याजवळ शाळेच्या नकाशासंग्रहातून फाडलेलं एक पान होतं. सरकारी अधिकारी बोटीवर चढले तेव्हा लाम बिन्हने मनात घोळवून ठेवलेलं बोलून दाखवलं. माझ्या बोटीवर तुमचं स्वागत आहे, हे माझे दक्षिण व्हिएतनामचे मित्र आहेत, आम्हाला ऑस्ट्रेलियात राहायची परवानगी हवी आहे. त्यांना परवानगी मिळाली.

हा प्रसंग आज गोष्टीसारखा सांगितला जातो, पण त्या काळातला ऑस्ट्रेलिया काही फार उदार मनाचा नव्हता. १९०१ साली देश म्हणून उभा राहताच त्याने कायदा करून गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद केलं होतं. बंदरावर उतरणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालायचं आणि नापास करून परत पाठवायचं, अशी ती पद्धत होती. त्या धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ साली पुसले गेले. म्हणजे लाम बिन्ह आला तेव्हा अवघी तीन वर्षं झाली होती. १९७७ च्या निवडणुकीच्या तोंडावर बोटींची संख्या वाढली तेव्हा डार्विनचे गोदी कामगार निर्वासितांच्या विरोधात संपावर गेले. तरीही पंतप्रधान माल्कम फ्रेझर मागे हटले नाहीत. १९८१ पर्यंत बोटींनी थेट आलेले दोन हजारांच्या आसपास होते. त्याहून कितीतरी जास्त माणसं फ्रेझर सरकारने मलेशिया, थायलंडच्या छावण्यांमधून विमानाने आणली. १९८२ पर्यंत इंडोचायनातून आलेल्यांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. बोटी कमी व्हाव्यात हा हेतू फ्रेझर यांचाही होता. छावणीतून सरळ मार्गाने नेणारं कुणी असेल तर माणूस फुटक्या बोटीत बसत नाही, एवढं साधं त्यांच्या धोरणाचं सूत्र होतं.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराला मान्यता देणारा ऑस्ट्रेलिया हा सहावा देश. सहा देश पूर्ण झाल्याशिवाय तो करार अमलात येणार नव्हता. ऑस्ट्रेलियाने १९५४ च्या जानेवारीत मान्यता दिली आणि एप्रिलमध्ये करार लागू झाला. छळापासून पळून आलेला माणूस कागदपत्रांविना हद्दीत शिरला, तरी निव्वळ त्याबद्दल त्याला शिक्षा करू नये, असं त्यात लिहिलेलं आहे.

फ्रेझर यांच्यानंतरच्या वीस वर्षांत हवा पालटत गेली आणि ती दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून पालटवली. १९८९ च्या अखेरीस कंबोडियातून बोटी येऊ लागल्या. १९९२ साली मजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून बोटीने आलेल्या प्रत्येकाची स्थानबद्धता सक्तीची केली. सुरुवातीला तिला २७३ दिवसांची मर्यादा होती. दोन वर्षांत तीही निघाली. १९९६ साली जॉन हॉवर्ड यांचं लिबरल-नॅशनल सरकार आलं. त्याच वर्षी पॉलीन हॅन्सन संसदेत पोहोचल्या आणि आशियाई लोकांचा लोंढा येतो आहे ही ओरड उघडपणे होऊ लागली. हॉवर्ड सरकारने एक हिशेबी बदल केला. वर्षाला बारा हजार निर्वासित घ्यायचे, पण बोटीने आलेल्या एखाद्याला आश्रय मिळाला की परदेशातल्या छावणीतल्या कोट्यातून एक जागा वजा करायची. रांग मोडून घुसणारे हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला, त्याला या वजाबाकीचा आधार होता. छावणीतल्या माणसाची जागा बोटीतला माणूस खातो हे विधान खरं होतं, कारण सरकारनेच ते खरं केलं होतं. १९९९ साली तात्पुरत्या संरक्षणाचा व्हिसा आला. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरी तीन वर्षांचाच आसरा, बायकामुलांना बोलावता येणार नाही आणि देशाबाहेर गेलात तर परत येता येणार नाही. या शेवटच्या दोन अटींनी काय केलं, ते पुढे येईलच.

त्या सुमारास बोटींतून मुख्यतः इराकी आणि अफगाण येत होते. अफगाणांमध्ये बहुतेक हजारा. ठेवणीने मध्य आशियाई, पंथाने शिया, म्हणून तालिबानच्या नजरेत दुहेरी परके. ऑगस्ट १९९८ मध्ये मजार-ए-शरीफ तालिबानच्या हाती पडलं तेव्हा हजारांची घराघरातून काढून कत्तल झाली. २००१ च्या जानेवारीत याकावलांगमध्ये तेच झालं. मार्चमध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या, त्याबद्दल जगभर हळहळ व्यक्त झाली. त्या मूर्तींच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं त्याच सुमारास जमीनजुमला विकून दलालांना पैसे देत होती आणि पाकिस्तान, मलेशियामार्गे जावाचा किनारा गाठत होती. इंडोनेशियाने निर्वासित करार स्वीकारलेला नाही. तिथे अडकलेल्याला काम नाही, मुलांना शाळा नाही आणि कधी सुटका होईल याचा भरवसा नाही. समोर तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर ख्रिसमस बेट होतं. पर्थपासून ते अडीच हजार किलोमीटरहून लांब, पण ऑस्ट्रेलियाच्या मालकीचं.

२४ ऑगस्ट २००१ रोजी 'पालापा' नावाच्या वीस मीटर लांबीच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. टेहळणी विमानाला तिच्या छतावर मदतीची मोठी अक्षरं दिसली. २६ तारखेच्या रविवारी ऑस्ट्रेलियाच्या सागरी बचाव केंद्राने आसपासच्या जहाजांना संदेश दिला: इंडोनेशियन धाटणीची बोट भरकटली आहे, ऐंशीहून अधिक माणसं आहेत. तो ऐकून 'टाम्पा' या नॉर्वेजियन कंटेनर जहाजाने वाट बदलली. फ्रीमँटलहून ते सिंगापूरला निघालं होतं. कप्तान आर्ने रिनान यांचं उभं आयुष्य समुद्रावर गेलं होतं आणि निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी बाजूची शिडी खाली सोडली आणि माणसं वर येऊ लागली. ऐंशी झाली, शंभर झाली, तरी रांग संपेना. सगळी वर आली तेव्हा मोजणी झाली ४३८. त्यांत २६ बायका आणि ४३ मुलं. काही बायका गरोदर होत्या. जहाजाला परवाना पन्नास माणसांचा, त्यांतले २७ खलाशीच.

खलाशांनी डेकवरचे रिकामे कंटेनर उघडून दिले. त्यांत माणसं पहुडली, संडासाची सोयही तिथेच कशीबशी केली. २७ जणांसाठी भरलेल्या कोठीतून साडेचारशे तोंडं भरायची होती. अतिसार सुरू झाला. काहीजण बेशुद्ध पडले होते. रिनान यांनी आधी जहाज इंडोनेशियातल्या मेराक बंदराकडे वळवलं. तेव्हा पाच माणसं वर ब्रिजवर आली आणि म्हणाली, परत नेलंत तर माणसं समुद्रात उड्या घेतील. जवळचं बंदर ख्रिसमस बेटच होतं. कप्तानाने जहाजाचं तोंड तिकडे फिरवलं.

बचावाची हाक ऑस्ट्रेलियानेच दिली होती. आता त्याच सरकारने कळवलं की हद्दीत शिरलात तर माणसांची चोरटी वाहतूक केल्याचा खटला भरू. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाने बुडणाऱ्यांना वर घेतलं म्हणून त्याच्यापुढे तुरुंगाचं नाव काढलं गेलं. सोमवारी हॉवर्ड यांनी जाहीर केलं की टाम्पाला बंदरात येऊ देणार नाही. दोन दिवस जहाज बेटाच्या नजरेच्या टप्प्यात पण हद्दीबाहेर तरंगत राहिलं. डॉक्टर मागितला तो आला नाही. २९ तारखेला रिनान यांनी आणीबाणी जाहीर करून हद्द ओलांडली. तेव्हा विशेष कमांडो पथकाचे ४५ सैनिक वेगवान बोटींमधून येऊन जहाजावर चढले आणि त्यांनी ताबा घेतला. हॉवर्ड यांनी नॉर्वेचे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांना फोन केला, तुमच्या कप्तानाला बाहेर जायला सांगा म्हणून. नॉर्वेने नकार दिला. रिनान यांनीही साडेचारशे माणसं घेऊन खुल्या समुद्रात जायला नकार दिला, कारण तेवढ्या जीवरक्षक बोटीच जहाजावर नव्हत्या.

त्याच रात्री हॉवर्ड यांनी संसदेत एक विधेयक आणलं. कुठलंही जहाज हद्दीबाहेर हाकलण्याचा अधिकार सरकारला असेल आणि कुठल्याही अन्य कायद्याने वा न्यायालयाने त्याला आडकाठी करता येणार नाही. विरोधी पक्षनेते किम बीझली टाम्पाच्या बाबतीत तोवर सरकारच्या बाजूने होते. हे विधेयक मात्र त्यांनी नाकारलं आणि सिनेटमध्ये ते पडलं. राजकीयदृष्ट्या त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमांवर लोक अखंड बोलत होते, जनमत चाचण्यांत सुमारे तीन चतुर्थांश लोक हॉवर्ड यांच्या बाजूने होते. मार्चमध्ये ब्रिस्बेनची सुरक्षित मानलेली जागा पोटनिवडणुकीत गमावणारं सरकार ऑगस्टअखेर मजबूत उभं राहिलं.

त्या आठवड्यात सगळा देश टाम्पाबद्दल बोलत होता, पण टाम्पावरच्या एकाही निर्वासिताचा आवाज देशाला ऐकू आला नव्हता. पत्रकारांना जहाजाजवळ जाऊ दिलं जात नव्हतं. छायाचित्रं लांबून, मोठ्या लेन्सने काढलेली, त्यांत लाल जहाज आणि डेकवर ठिपक्यांएवढी माणसं. मेलबर्नचे वकील एरिक व्हॅडार्लिस आणि व्हिक्टोरियाची नागरी हक्क परिषद न्यायालयात गेले, ज्युलियन बर्नसाइड यांनी मोबदला न घेता परिषदेची बाजू मांडली. पण ज्यांच्यासाठी खटला चालला त्यांना वकील एकदाही भेटू शकले नाहीत. नॉर्वेचे राजदूत जहाजावर गेले तेव्हा निर्वासितांनी त्यांच्या हाती एक पत्र दिलं. इतर निर्वासितांना असलेले हक्क आम्हाला का नाकारता, असा त्यात प्रश्न होता. न्यायालयासमोर त्या माणसांचं म्हणून काही आलं ते एवढंच.

न्यायमूर्ती टोनी नॉर्थ यांनी ११ सप्टेंबरला दुपारी निकाल दिला. ही माणसं बेकायदा अडकवून ठेवली आहेत, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर आणा. ऑस्ट्रेलियात रात्र झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. मनोऱ्यांवर विमानं आदळली आणि त्या निकालाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. हॉवर्ड स्वतः त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये होते. सहा दिवसांनी वरच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला. संरक्षणमंत्री पीटर रीथ दरम्यान रेडिओवर बोलून गेले होते की अशा बोटींमधून दहशतवाद्यांना वाट मिळू शकते. तालिबानने ज्यांची घरं जाळली त्यांच्यावरच तालिबानचे हस्तक असल्याचा संशय आला. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत क्रूर अन्याय वाटतो. कुणीतरी डेकवर जाऊन चार माणसांशी बोललं असतं, तर अर्ध्या तासात हा संशय फिटला असता.

टाम्पावरची माणसं तोवर ऑस्ट्रेलियन नौदलाच्या 'मनूरा' जहाजावर हलवली गेली होती. आठ दिवस त्यांनी टाम्पाच्या डेकवर काढले होते. १ सप्टेंबरला हॉवर्ड यांनी तोडगा जाहीर केला होता: काहीजण न्यूझीलंड घेईल, उरलेले नाउरूला जातील. नाउरू म्हणजे प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं स्वतंत्र राष्ट्र. फॉस्फेट खणून खणून बेटाचा मधला भाग नुसत्या चुनखडीच्या सुळक्यांचा उरला होता आणि सरकारी तिजोरी रिकामी होती. ऑस्ट्रेलियाने दोन कोटी डॉलरची मदत कबूल केली. त्यांत वीजनिर्मितीसाठी इंधन होतं, नाउरूच्या रुग्णांची ऑस्ट्रेलियन रुग्णालयांतली थकलेली बिलंही होती. पाठोपाठ पापुआ न्यू गिनीच्या मानस बेटावर दुसरी छावणी झाली. सप्टेंबरच्या अखेरीस संसदेने कायदे केले आणि ख्रिसमस बेट, ॲशमोर रीफ, कोकोस बेटं यांना स्थलांतराच्या कायद्यातून वगळलं. तिथे पाय ठेवला तरी आश्रयाचा अर्ज करता येणार नाही. या वेळी बीझली यांच्या पक्षाने बाजूने मत दिलं.

५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी 'ॲडलेड' या युद्धनौकेने ख्रिसमस बेटाच्या उत्तरेला २२३ माणसांची एक बोट अडवली. नौदलाने अशा बोटींना नावाऐवजी क्रमांक दिले होते, ही चौथी. बोट वळेना, म्हणून तिच्यापुढे इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या. ७ तारखेला काही पुरुष पाण्यात उतरले, एका बापाने आपल्या मुलीला कठड्यापाशी उचलून धरलं. कमांडर नॉर्मन बँक्स हे सगळं हाताळत असतानाच त्यांना वरिष्ठांचा फोन आला. त्या बोलण्यातून मूल पाण्यात फेकल्याचं ऐकलं गेलं की तसं बोललंच गेलं नव्हतं, यावर पुढे बरीच साक्ष झाली. पण काही तासांत स्थलांतर मंत्री फिलिप रडक यांनी पत्रकारांना सांगितलं की आश्रयार्थींनी मुलं समुद्रात फेकली. अशी माणसं आपल्याला देशात नकोत, अशा अर्थाचं पंतप्रधान रेडिओवर बोलले.

८ तारखेला ती बोट बुडाली. 'ॲडलेड'च्या खलाशांनी पाण्यात उड्या टाकून सगळ्या २२३ जणांना वाचवलं. नौदलाला अभिमान वाटावा अशी ती कामगिरी होती आणि तिची छायाचित्रं होती. १० तारखेला संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाने त्यांतलीच छायाचित्रं मुलं फेकल्याचा पुरावा म्हणून माध्यमांना दिली. मूळ फोटोंखाली तारीख आणि प्रसंग लिहिलेला होता. तो मजकूर गळून गेला होता. चूक लष्कराच्या लक्षात लगेच आली आणि खालून वर कळवलीही गेली. मतदानाच्या तीन दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, लष्कराचे हंगामी प्रमुख एअर मार्शल अँगस ह्यूस्टन यांनी रीथ यांना फोनवर स्पष्ट सांगितलं की कुणी मुलं फेकल्याचा पुरावा नाही. जनतेला हे मतदानापूर्वी सांगितलं गेलं नाही. सिनेटच्या समितीने ऑक्टोबर २००२ मध्ये अहवाल दिला, त्यात मुलं फेकली गेली नव्हती हे नोंदलं गेलं.

त्या समितीपुढे संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याची साक्ष झाली, तिच्यावर मला थांबायला हवं. निर्वासितांची छायाचित्रं घेताना त्यांत वैयक्तिक ओळख पटेल किंवा माणूसपण जाणवेल असं काही येता कामा नये, अशी सूचना होती. ओळख गुप्त ठेवण्याचं कारण त्यासाठी पुढे केलं गेलं. सव्वीस वर्षांपूर्वी डार्विनला अधिकारी बोटीवर चढले होते, लाम बिन्हचं नाव विचारलं होतं, त्याचं स्वागत ऐकून घेतलं होतं. आता चेहरा दिसू नये ही सरकारी कामकाजाची अट झाली होती. टाम्पाला लांब ठेवणं, वकिलांना भेटू न देणं, बेटं कायद्यातून वगळणं, माणसं नाउरूला नेणं, या सगळ्याचा मेळ या एका सूचनेशी बसतो. सीमेवरचं नियंत्रण हा प्रत्येक देशाचा हक्क आहे आणि तो मी नाकारत नाही. पण समोरचा कोण हे बघूच न देता जनतेकडून मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे.

न दिसणाऱ्यांची सर्वांत मोठी शोकांतिका प्रचाराच्या ऐन मध्यावर घडली. १९ ऑक्टोबरला सुमात्राहून निघालेली एक बोट जावाच्या दक्षिणेला बुडाली. एकोणीस मीटर लांब, चार मीटर रुंद आणि आत जवळजवळ चारशे माणसं. ३५३ जण मेले: १४६ मुलं, १४२ बायका, ६५ पुरुष. वाचलेले पंचेचाळीसच्या आसपास, तेही फळकुटांना धरून रात्रभर तरंगत राहिले आणि दुसऱ्या दिवशी इंडोनेशियन मच्छीमारांनी त्यांना उचललं. एवढी बायका-मुलं एकाच बोटीत का होती? कारण अनेकांचे नवरे, बाप आधीच ऑस्ट्रेलियात पोहोचले होते, निर्वासित म्हणून मान्यही झाले होते आणि १९९९ च्या व्हिसामुळे कुटुंबाला कायदेशीर मार्गाने बोलावू शकत नव्हते. तीन मुली बुडून एकटी वाचलेली एक इराकी आई जकार्तात होती. तिचा नवरा सिडनीत. तो तिला भेटायला गेला असता तर त्याला परत येता आलं नसतं. बोट इंडोनेशियाच्या हद्दीत बुडाली असं हॉवर्ड ठामपणे सांगत राहिले. ती बहुधा आंतरराष्ट्रीय समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या टेहळणीच्या टापूतच बुडाली असं पुढे सिनेट समितीसमोर आलं. २८ ऑक्टोबरला, बुडण्यापासून नऊ दिवसांनी, हॉवर्ड यांनी प्रचाराच्या मुख्य सभेत ते वाक्य उच्चारलं, जे नंतर भित्तिपत्रकांवर झळकलं: या देशात कोण येणार आणि कोणत्या परिस्थितीत येणार, हे आम्ही ठरवू. १० नोव्हेंबरला ते निवडून आले, आधीपेक्षा जास्त जागांनी.

आकड्यांत पाहिलं तर धोरण यशस्वी ठरलं. २००१ मध्ये साडेपाच हजारांवर माणसं बोटींनी आली होती, पुढल्या वर्षी जवळजवळ कुणीच नाही. पण २००८ साली हिशेब झाला तेव्हा कळलं की नाउरू आणि मानसवर ठेवलेल्या १,६३७ जणांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक खरेखुरे निर्वासित ठरले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक शेवटी ऑस्ट्रेलियातच आले. वर्षं मात्र त्यांनी बेटावर घालवली. न्यूझीलंडने टाम्पावरून १३१ जण घेतले, काही महिन्यांत जवळजवळ सगळ्यांना आश्रय दिला, पुढे त्यांच्या कुटुंबांना आणलं. त्या वेळी सात वर्षांचा असलेला अब्बास नझारी पुढे क्राइस्टचर्चमध्ये शिकला, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि २०२१ मध्ये त्याने आपल्या या प्रवासावर पुस्तक लिहिलं. कप्तान रिनान, त्यांचे खलाशी आणि जहाजाच्या मालकांना संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतही दुरुस्ती झाली: वाचवलेल्यांना उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावरच्या देशांनी जहाजाला सहकार्य केलंच पाहिजे.

ऑस्ट्रेलियातही उलटं वारं वाहिलं, आणि ते मोठ्या शहरांतून नव्हे तर लहान गावांतून. सिडनीच्या नैर्ऋत्येला बाउरल गावात टाम्पानंतर दोन महिन्यांच्या आत ग्रामीण ऑस्ट्रेलियन लोकांची निर्वासितांसाठी संघटना निघाली आणि तिच्या शाखा गावोगाव झाल्या. न्यू साउथ वेल्समधल्या यंग या चेरी पिकवणाऱ्या गावातल्या कत्तलखान्यात तात्पुरत्या व्हिसावरचे हजारा कामाला लागले होते. त्यांना परत पाठवण्याची वेळ आली तेव्हा गावकरीच त्यांच्यासाठी उभे राहिले. याच गावांनी हॉवर्ड यांच्या आघाडीला मतं दिली होती. खुद्द हॉवर्ड यांच्या पक्षातले पेट्रो जॉर्जिऊ, जुडी मोयलन, रसेल ब्रॉडबेंट असे काही खासदार २००५ मध्ये अडून बसले आणि मुलं असलेली कुटुंबं स्थानबद्धतेतून बाहेर आली. फ्रेझर यांनी तर वृद्धापकाळी तो पक्षच सोडला.

फेब्रुवारी २००८ मध्ये नव्या मजूर सरकारने नाउरूची छावणी बंद केली. बोटी पुन्हा आल्या, या वेळी श्रीलंकेचे तमिळही त्यांत होते. १५ डिसेंबर २०१० च्या पहाटे एक बोट ख्रिसमस बेटाच्या खडकांवर आपटून फुटली. किंकाळ्या ऐकून गावकरी धावले, कड्यावरून जीवरक्षक जाकिटं फेकत राहिले. डोळ्यांदेखत पन्नासजण गेले. त्यानंतर संसदेत खासदार रडले, ती आसवं खोटी नव्हती. २०१३ पर्यंत या मार्गावर बाराशेच्या आसपास माणसं बुडाली असावीत. बोटी थांबवल्या तर मरणं थांबतील हा युक्तिवाद यातून आला आणि निर्वासितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. बऱ्याचदा त्यांनी ते दिलं नाही.

पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २०१२ मध्ये तिघांची समिती नेमली. अध्यक्ष होते अँगस ह्यूस्टन, रीथ यांना फोन करणारे तेच. समितीने नाउरू आणि मानस पुन्हा उघडायला सांगितलं, आणि जोडीला वार्षिक निर्वासितांचा कोटा २०,००० करायलाही. फ्रेझर यांच्या काळातली जोडगोळीच ही, एक दार लावायचं तर दुसरं उघडायचं. छावण्या उघडल्या. कोटा वाढला, पण पुढल्या सरकारने तो खाली आणला. १९ जुलै २०१३ ला गिलार्ड यांच्या जागी आलेले पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केलं की यापुढे बोटीने आलेला कुणीही, निर्वासित ठरला तरी, ऑस्ट्रेलियात कधीच वसवला जाणार नाही. दोन महिन्यांत टोनी ॲबट सत्तेवर आले, बोटी माघारी लोटण्याचं काम एका सेनाधिकाऱ्याच्या हाती गेलं. पत्रकारांनी विचारलं की समुद्रावरच्या बाबींवर बोलणार नाही हे ठरलेलं उत्तर मिळे. २०१४ च्या जूनमध्ये पुदुच्चेरीहून निघालेल्या १५७ तमिळांना एका सरकारी जहाजाच्या पोटात महिनाभर ठेवलं गेलं, तेव्हा ती माणसं कुठे आहेत हे बराच काळ सरकार मान्यही करत नव्हतं. नाउरूने त्याच वर्षी पत्रकारांच्या व्हिसाचं शुल्क २०० डॉलरवरून ८,००० केलं. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत.

ही भिंत भेदली ती आतून. मानसवर अडकलेला इराणी कुर्द पत्रकार बेहरूझ बूचानी लपवलेल्या मोबाइलवरून फारसीत संदेश पाठवत राहिला, त्यांतून एक पुस्तक झालं आणि २०१९ च्या जानेवारीत त्याला ऑस्ट्रेलियातला सर्वांत मोठ्या रकमेचा साहित्य पुरस्कार मिळाला. तो घ्यायला त्याला ऑस्ट्रेलियात येता आलं नाही. आणि क्वीन्सलंडमधल्या बिलोएला गावातून एका तमिळ कुटुंबाला २०१८ मध्ये पहाटे उचलून नेलं, तेव्हा पुन्हा गावकरी पुढे आले. त्या कुटुंबातला बाप तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यात काम करत होता, दोन्ही मुली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या. चार वर्षं गाव लढलं. मधला बराच काळ ते कुटुंब ख्रिसमस बेटावर होतं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ती माणसं घरी परतली.

न्यूझीलंडने २०१३ मध्येच सांगितलं होतं की या छावण्यांतले वर्षाला १५० जण आम्ही घेऊ. ऑस्ट्रेलियाने नऊ वर्षं नकार दिला, न्यूझीलंडमार्गे ते इकडे येतील म्हणून. मार्च २०२२ मध्ये तो प्रस्ताव अखेर मान्य झाला. जून २०२३ मध्ये नाउरूवरचा शेवटचा निर्वासित ऑस्ट्रेलियात आणला गेला. तीन महिन्यांनी बोटीने आलेल्या नव्या माणसांना पुन्हा नाउरूला पाठवण्यात आलं.